एका स्क्रूचे स्वामित्व

यंत्र बिघडले म्हणजे ते उघडावे, निकामी झालेला भाग काढून तेथे नवा बसवावा आणि यंत्र पुन्हा कामास लावावे, ही रीत आमच्या समाजास नवी नाही. कुळागरातील पाण्याचा पंप, मच्छीमाराच्या होडीचे इंजिन, ओसरीवरील शिवणयंत्र यांची आयुष्ये याच रीतीने वाढत आली. लॅपटॉपही काही वर्षांपूर्वीपर्यंत या रीतीस अपवाद नव्हता.

याचा प्रत्यय आम्हांस परवा आला. आमच्या कार्यालयातील एका जुन्या लॅपटॉपचा ऑप्टिकल ड्राइव्ह, म्हणजे सीडी आणि डीव्हीडीच्या तबकड्या वाचणारा भाग, बंद पडला. जत्रेतील नाटके, गावोगावची भजने आणि आज हयात नसलेल्या कीर्तनकारांचे आवाज ज्या तबकड्यांवर उतरवून ठेवले होते, त्या सर्व एका क्षणात मुक्या झाल्या. यंत्रच भंगारात काढा, असा सल्ला प्रथम मिळाला. परंतु एका तरुण कारागिराने ते बंद करून त्याची वीजजोडणी व बॅटरी काढली, तळाचा एकच स्क्रू सोडवला आणि टेबलाच्या खणासारखा तो ड्राइव्ह बाजूने अलगद बाहेर ओढला. नव्याची जाडी १२.७ मिलिमीटर हवी की ९.५, त्याची जोडणी साटा पद्धतीची की त्याहून जुनी, हे त्याने आधीच पडताळले होते. जुन्याची दर्शनी पट्टी व मागचा धातूचा तुकडा त्याने नव्यावर चढवला, नवा ड्राइव्ह आत सरकवला आणि स्क्रू आवळला. दहा मिनिटांत तबकड्या बोलू लागल्या!

हा भाग आता नव्या लॅपटॉपमधून बहुतांशी अदृश्य झाला आहे. २००८ साली ॲपल कंपनीने मॅकबुक एअर आणला तो ड्राइव्हविना. पुढे इतर उत्पादकही त्याच वाटेने गेले. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते, तर बोटाएवढा पेनड्राइव्ह तिच्या कितीतरी पट साठवतो. ज्यास गरज असेल त्यास बाहेरून जोडावयाचा ड्राइव्हही मिळतो. म्हणून एक भाग गेला याचे आम्हांस दुःख नाही. दुःख आहे ते त्याबरोबर स्क्रूही गेला याचे. आज अनेक यंत्रांत बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि स्मृतीची चिप मुख्य पट्टीवरच डाख देऊन पक्की केलेली असते. एक चिप बिघडली की सबंध पट्टी बदला, नाही तर नवे यंत्र घ्या! यंत्र हलके व सडपातळ व्हावे म्हणून हे करावे लागते, असे उत्पादक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु त्या सडपातळपणाची किंमत ग्राहकाच्या खिशातून आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगातून वसूल होते, हेही तितकेच खरे.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर त्या दुरुस्तीस किती सुलभ आहेत याचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या सोयीस हक्क म्हणता येत नाही. सुटे भाग किती वर्षे मिळतील हे विक्रीच्या वेळीच लेखी सांगणे, दुरुस्तीची माहितीपुस्तिका सर्वांस खुली करणे आणि दुरुस्तीसुलभतेचे गुण खोक्यावर छापणे या तीन गोष्टी कायद्याने सक्तीच्या झाल्या पाहिजेत. शाळा व कार्यालये यांच्यासाठी संगणक खरेदी करताना राज्य सरकारनेही केवळ सर्वांत कमी दराची निविदा पाहू नये. यंत्र गावातल्या कारागिराला उघडता येईल काय, हा प्रश्न त्याने आधी विचारावा.

तोवर ग्रंथालये, देवस्थाने व भजनी मंडळे यांनी आपली कपाटे उघडावीत. आमच्या दमट किनारी हवेत तबकड्यांवर बुरशी चढण्यास वेळ लागत नाही. जुना लॅपटॉप भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्याच्या तळाचा स्क्रू एकवार पाहावा, ड्राइव्ह बदलून घ्यावा आणि जे आवाज अजून ऐकू येतात त्यांच्या प्रती वेळीच करून ठेवाव्यात.