मोठ्या माणसाच्या मागे

कुणाचा इंतकाल झाला की त्याच्याविषयी चांगलं तेच बोलावं, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. मय्यतीला जमलेली माणसं मरहूमच्या दोन बऱ्या गोष्टी आठवतात, दुआ करतात आणि घरी परततात. रीत चांगली आहे. गेलेला माणूस उत्तर द्यायला उरलेला नसतो आणि त्याच्या बायकामुलांचं दुःख ताजं असतं. पण त्याच्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्यांच्या लेकरांनी मोजली असेल, तर काय बोलावं? २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत हाच प्रश्न उभा राहिला होता.

जो पॅटर्नो हे पेन्सिल्वेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. तिथे कॉलेजचा सामना पाहायला लाखभर लोक स्टेडियममध्ये जमतात. पॅटर्नो १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. ४०९ विजय त्यांच्या नावावर होते. खेळाडूंनी अभ्यासही केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाला त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. तिथल्या ग्रंथालयाला त्यांच्या कुटुंबाचं नाव आहे. गावातले लोक त्यांना घरच्या वडीलधाऱ्यासारखं मानत.

जेरी सँडस्की हा त्यांचा अनेक वर्षांचा सहायक. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला. गरीब, निराधार मुलांसाठी त्याने एक संस्था काढली होती आणि त्याच संस्थेतल्या मुलांना तो आपली शिकार बनवत होता. २००१ मध्ये संघातल्या एका तरुण सहायकाने त्याला विद्यापीठाच्या न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी ते आपल्या वरिष्ठांच्या कानावर घातलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. सँडस्की पुढेही विद्यापीठात ये-जा करत राहिला. त्याला अटक झाली ती २०११ च्या नोव्हेंबरमध्ये.

अटकेनंतर चार दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, विश्वस्तांनी पॅटर्नोंना फोनवरून काढून टाकलं. संतापलेले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलटवली. दोनच दिवसांनी त्याच विद्यापीठात हजारो जण मेणबत्त्या घेऊन पीडित मुलांसाठी जमले, हेही सांगायला हवं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅटर्नोंना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं जाहीर झालं आणि २२ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते वारले.

लोकांचं मत दुभंगलं. हजारो लोक रांगा लावून शवपेटीचं दर्शन घेऊन गेले. शोकसभेत एका बड्या उद्योगपतीने पॅटर्नोंचा बचाव केला, तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. अनेकांचं म्हणणं होतं, एका चुकीसाठी माणसाचं उभं आयुष्य पुसायचं का? त्यांनी वरिष्ठांना सांगितलं होतं, कायद्यानेही तेवढंच मागितलं होतं. दुसरी बाजू म्हणत होती, ज्याच्या एका शब्दावर सारं गाव हलत होतं, त्याने दहा वर्षांत पुन्हा एकदाही विचारू नये, की त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याच वर्षी जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. जुलैत विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीने पॅटर्नोंसह चौघांवर प्रकरण दडवल्याचा ठपका ठेवला. पॅटर्नोंच्या कुटुंबाने तो नाकारला, आणि त्यांच्यावर कधी कुठला गुन्हाही दाखल झाला नव्हता. स्टेडियमबाहेरचा त्यांचा पुतळा हलवला गेला. त्यांचे १११ विजय नोंदीतून काढले गेले आणि २०१५ मध्ये परत जोडलेही गेले.

विजय परत जोडता आले. त्या मुलांचं बालपण परत जोडता येणार होतं का? पुतळा असावा की नसावा, विजय ४०९ की २९८, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली. दोन्ही बाजूंच्या तोंडी नाव मात्र एकाचंच होतं. न्यायालयात उभं राहून, थरथरत्या आवाजात, आपल्यावर काय गुदरलं ते सांगणारी मुलं या भांडणात मागे पडली.

स्वतः पॅटर्नो नोव्हेंबरमध्ये म्हणाले होते, की आज मागे वळून पाहताना, मी आणखी काही करायला हवं होतं असं वाटतं. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही बोललं गेलं, त्यात आम्हाला हे वाक्य सर्वांत खरं वाटतं. गेलेल्या माणसाला त्याची भलाई द्यावी, त्याची चूकही त्याच्या नावावर राहू द्यावी. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात.

हे सगळं दूर देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. आपली मुलं क्लासला, मैदानावर, मदरशात, वसतिगृहात जातात, आणि तिथे कुणीतरी सर, उस्ताद, चाचा असतातच. बहुतेक जण नेक असतात. पण मूल काही सांगू लागलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘ते असं करणारच नाहीत.’ दुसरं वाक्य, ‘कुणाला सांगू नकोस, बदनामी होईल.’ आणि फार झालं तर आपण संस्थेच्या मोठ्यांना सांगून मोकळे होतो.

आपल्या देशात एवढ्यावर मोकळं होता येत नाही. २०१२ मध्येच आलेल्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचं नाव वर्तमानपत्रात येऊ नये, याचीही तजवीज याच कायद्यात आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. तो घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असावा.

अम्मी-अब्बांनी एवढं जरूर करावं. मूल बोलू लागलं की हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकावं, त्याच्यावर रागावू नये, तू सांगितलंस ते बरं केलंस असं म्हणावं. मग पोलिसांना कळवावं, आणि आठवडाभराने पुन्हा विचारावं, पुढे काय झालं? ज्यांच्याबद्दल आपल्याला फार आदर आहे, त्यांच्याविषयी मूल बोलत असेल, तर हे आणखी काळजीने करावं.