सुभेदार तहसील कचेरीत हवा

शिरोली एमआयडीसीत गाड्यांचे नंबर वहीत उतरवून घेणारा गेटवरचा माणूस पुष्कळदा माजी सैनिक असतो. अठराव्या वर्षी भरती, पस्तिशी-चाळिशीत पेन्शन आणि पुढे बारा तासांची सिक्युरिटी ड्युटी. हातकणंगले तालुक्यातल्या कितीतरी जवानांची उमेदीची वर्षे अशी गेटवर सरतात, याची आम्हाला खंत वाटते.

कागदावर सोय आहे. राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. पण पात्र उमेदवार मिळाला नाही की जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्याकडे जाते. मुख्यमंत्री फेलोशिप चांगली योजना; 2015 पासून तिने तरुणांना थेट प्रशासनात काम दिले. मात्र वयाची अट 21 ते 26. पेन्शनीवर आलेल्या हवालदाराला अर्जसुद्धा भरता येत नाही. चार वर्षांनी परतणारे अग्निवीर बहुतेक वयात बसतील, पण पदवीच्या अटीपाशी अडतील.

जिल्ह्यातल्याच वडगावात जन्मलेले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सैन्यातला अनुभव मुलकी कारभारात चालतो, हे राज्याने तेव्हाच मान्य केले. मग सुभेदाराचा अनुभव का चालू नये?

2019 आणि 2021 च्या महापुरात वारणा-पंचगंगेकाठी काय हवे होते? बोट कुठे लावायची, आधी म्हातारी माणसे की जनावरे, छावणीत धान्य किती दिवस पुरेल, हे धडाधड ठरवणारी माणसे. रसद सांभाळलेल्या सुभेदाराचे ते रोजचे काम होते.

अर्थात तहसील कचेरी म्हणजे पलटण नव्हे. पलटणीत हुकूम सुटला की काम होते. इथे बांधाच्या भांडणात दोन्ही भावांचे तासभर ऐकून घ्यावे लागते, आणि तरी अपील होतेच. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव हे जग जवानाला नवे असते. म्हणूनच नुसते आरक्षण पुरत नाही. मानधनासह शिकण्याचे एक वर्ष हवे. तहसीलदार किंवा गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली, वयाची अट शिथिल करून, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे पदवी समकक्ष प्रमाणपत्र ग्राह्य धरून. त्या वर्षाच्या कामाला पुढच्या भरतीत गुणही मिळावेत.

निवृत्तांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते, त्यामुळे माणसे शोधत फिरावे लागणार नाही. मुख्यमंत्री फेलोशिपच्या पुढच्या जाहिरातीतच माजी सैनिकांसाठी वेगळ्या जागा काढाव्यात आणि पहिली तुकडी पुढच्या पावसाळ्याआधी हातकणंगले, शिरोळसारख्या पूरग्रस्त तालुक्यांत रुजू करावी.