मानेखालची घडी

पुण्याच्या जुन्या बाजारात माणसाने पाकीट घरी ठेवून जावं. हा नियम मीच केलेला आणि एका बुधवारी मीच मोडला. नळाच्या तोट्या आणि बंद पडलेले मिक्सर यांच्या मधे, ताडपत्रीवर एक इलेक्ट्रिक गिटार पालथी पडली होती. “चालू आहे साहेब,” विक्रेता म्हणाला. सहापैकी दोनच तारा शिल्लक, त्याही गंजलेल्या. चालू आहे हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. साडेतीन हजारांपासून सुरू झालेलं बोलणं अठराशेवर मिटलं आणि मी तिला गोणपाटात गुंडाळून घरी आणली.

“आधीच्या दोन कमी होत्या का?” बायको.

“अगं, ही जपानी आहे.”

“कशावरून?”

पुढचे दीड महिने या एका शब्दाचं उत्तर शोधण्यात गेले.

गिटारच्या माथ्यावर नावाची पट्टी नव्हती. दोन बारीक भोकं होती आणि त्यांच्या मधे थोडं उजळ राहिलेलं लाकूड, भिंतीवरची तसबीर काढली की मागे चौकोन उरतो तसं. पण पट्टी असती तरी फार काही कळलं असतं असं नाही. स्वस्त गिटारवरचं नाव ती बनवणाऱ्याचं असेलच असं नसतं; बहुतेकदा ते विकणाऱ्याचं असतं. साठच्या दशकात अमेरिकेत घरोघरच्या पोरांना इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. फेंडर, गिब्सन परवडणारी नव्हती. मग मोठमोठ्या दुकानांनी आपापल्या नावाचे शिक्के मारून गिटारी विकल्या. सीअर्सचं नाव सिल्व्हरटोन. आतली गिटार मात्र कधी डॅनइलेक्ट्रोची, कधी हार्मनीची, कधी के कंपनीची, तर पुढे जपानची. गिरणी एक आणि पिठाच्या पिशव्या पाच दुकानांच्या, असा मामला.

या गिरण्यांपैकी मला सगळ्यात लोभस वाटते ती टोकियोची टेइस्को. आत्सुओ कानेको आणि दोर्यू मात्सुदा यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली. तिच्या गिटारी अमेरिकेत ‘टेइस्को डेल रे’ म्हणून गेल्या, तशाच किंगस्टन, किंबर्ली, हाइट अशा नावांनीही गेल्या. वूलवर्थच्या दुकानांत ‘ऑडिशन’ नावाने मिळत. १९६७ मध्ये कावाईने कंपनी घेतली, दोनेक वर्षांत गिटारींवरून टेइस्को हे नाव गेलं आणि कीबोर्डवर मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत टिकलं. आपल्याला यात हसण्याचा अधिकार नाही. माझी पहिली गिटार कोलकात्याची गिवसन होती. कॉलेजात तिच्यातला ‘व’ मी हाताच्या अंगठ्याखाली झाकून वाजवत असे.

तर नाव सोडायचं आणि स्क्रू धरायचे. माझ्या गिटारच्या पाठीवर, मान जिथे धडाला जोडते तिथे चार स्क्रूंची एक धातूची पट्टी आहे. तिच्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि ‘मेड इन जपान’ असं ठोकलेलं आहे. पहिली ओळ जाहिरात वाटते, पण ती खरं तर कबुली आहे. चांगल्या गिटारच्या मानेत एक सळई असते. मान वाकली तर किल्लीने ती पिळून सरळ करता येते. इथे नुसती पोलादी पट्टी घालून मान बंद केलेली. वाकली की वाकली. पुढची खूण माथ्याजवळ, तारा ज्या खाचांतून सुटतात तिथली. त्या खाचांच्या लगेच पुढे मानेवर असतात तशी एक जादा आडवी धातूची पट्टी, म्हणजे फ्रेट, आहे, झीरो फ्रेट. खाचा अचूक कापायला कसबी हात लागतो. फ्रेटवर तारा टेकवल्या की खाचांनी फक्त अंतर राखायचं, उंची फ्रेट सांभाळतो. स्वस्त काम, पण हुशार. मग तारांचा नाद टिपणाऱ्या प्रत्येक पिकअपला एकेक बटण, डावी-उजवी कलणारं, दिव्याच्या स्विचसारखं. आणि पिकअपच्या जाळीखाली सोनेरी कागद.

या सोनेरी कागदाने घोळ केला आहे. राय कूडर या वादकाने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकॅस्टरमध्ये टेइस्कोचा असाच पिकअप मानेच्या बाजूला बसवला, त्याचा नाद लोकांच्या कानात बसला आणि कवडीमोल पिकअपला भाव आला. आता लोक अख्खी गिटार घेतात, पिकअप उपसतात आणि सांगाडा फेकतात. मला हे खाटीककाम वाटतं. शिकागोच्या हाउंड डॉग टेलर या वादकाने अशाच स्वस्त जपानी गिटारी जशाच्या तशा बडवल्या, आणि १९७१ ची त्याची तबकडी ही अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सची पहिलीच तबकडी ठरली.

वर्ष काढणं आणखी अवघड. अमेरिकन गिटार असेल तर आतल्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचता येतात. १३७६५३३ म्हणजे १३७ हा बनवणाऱ्या सीटीएसचा क्रमांक, ६५ साल, ३३ वा आठवडा. त्यातही पॉट वर्षभर खोक्यात पडून असू शकतो. गिटार त्याआधीची नाही, एवढंच कळतं. माझ्या पट्टीवर क्रमांक आहे, पण त्या काळच्या स्वस्त जपानी गिटारींच्या क्रमांकांवरून साल लावणं म्हणजे हवेत गोळी मारणं. ते जमतं १९८२ पासूनच्या जपानी स्क्वायरच्या बाबतीत. जेव्ही अक्षरांनी क्रमांक सुरू झाला की सुरुवातीची, फुजीगेनच्या कारखान्यातली. फेंडरने स्वस्त म्हणून काढलेली ती गिटार आज स्वस्तात मागून बघा.

पॉट बघायला म्हणून मी पुढची प्लेट उघडली. दोन पॉटपैकी एक मूळचा. दुसरा आपल्याकडच्या रेडिओचा, आणि त्याला डाग दिलाय तो एवढा मोठा की शेंगदाणाच चिकटवला आहे असं वाटावं. कुण्या रेडिओवाल्या काकांचं काम. माझ्या माहितीतल्या एका दुरुस्तीवाल्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “बदलू नका. डाग ओबडधोबड आहे, पण पक्का आहे.”

मग मानेचे चार स्क्रू काढले. मान निघाली आणि खोबणीत कागदाची एक चपटी घडी दिसली. अशी घडी घालतात ती मान किंचित तिरकी बसावी, तारांची उंची कमी व्हावी म्हणून. चिमट्याने उलगडली. पीएमटीची तिकिटं. चार, एकावर एक ठेवून दुमडलेली, घामातेलाने तांबूस झालेली. पंचवीस पैसे. म्हणजे ही गिटार कुणाच्या तरी बोटीवरच्या सामानातून वा कशीही इथे आली असेल, पण तिची उंची पुण्याच्या बसमध्ये बसून येणाऱ्याने लावली होती. गणपतीतल्या एखाद्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा असेल. तालमीला जाताना दोन, येताना दोन, असा हिशोब मी उगाच मांडला.

तिकिटं मी पाकिटात घालून कपाटात ठेवली आणि त्यांच्या जागी लाकडाची पातळ चीप घातली, शास्त्रोक्त. नव्या तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटच्या वर सगळं बझ व्हायला लागलं. चीप तासली, दुसरी घातली, तिसरी घातली. बझ जाईना.

शेवटी रात्री अकरा वाजता कपाट उघडलं.

“आता काय शोधताय?” बायको अंथरुणातून.

“तिकिटं,” मी म्हणालो.