स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील 'स्लेट' कंपनीने विजेवर चालणाऱ्या छोट्या पिकअप ट्रकची घोषणा केली, तेव्हा 'अखेर श्रमिकाला परवडेल अशी गाडी येणार' असा गजर झाला. अब्जाधीश जेफ बेझोस यांचे भांडवल या कंपनीत आहे. ५० डॉलर भरून नावे नोंदवणाऱ्यांची संख्या काही आठवड्यांतच लाखावर गेली. किंमत म्हणे २०,००० डॉलरांच्या आत! परंतु हा आकडा सरकारची ७,५०० डॉलरांची करसवलत वजा करून काढलेला होता. जुलै २०२५ च्या कायद्याने ३० सप्टेंबरनंतर ती सवलत बंद केली आणि कंपनीची भाषा लागलीच पंचवीस हजारांच्या घरात गेली. म्हणजे औदार्य भांडवलाचे नव्हते, सार्वजनिक तिजोरीचे होते!

गाडीच्या साधेपणाबद्दल आमची तक्रार नाही. काचा हाताने फिरवाव्या लागतात, रेडिओ नाही. सुताराचे किंवा प्लंबरचे त्यावाचून अडत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी. मूळ गाडी एका चार्जिंगमध्ये सुमारे २४० किलोमीटर जाईल, असे कंपनी सांगते. स्वतःचे गॅरेज असणारा ती रात्री घरीच चार्ज करील. पण भाड्याच्या घरात राहून रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्या कामगाराने काय करावे?

तेव्हा सवलत द्यायची तर विक्रीच्या किमतीवर बंधन घालूनच दिली पाहिजे, आणि कामगारवस्त्यांत सार्वजनिक चार्जिंग केंद्रे आधी उभारली पाहिजेत. एरवी स्वच्छ हवेचे पुण्य गॅरेजवाल्याच्या पदरी आणि पेट्रोलचा खर्च भाडेकरूच्या माथी, ही वाटणी ठरलेलीच आहे.