सफाई करायची की सफाई द्यायची?

जानेवारी २०२० मधली गोष्ट. रायगडच्या किनाऱ्यावरील नगरपालिकेच्या एका गावात मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर वाद त्या एका गावाचा होईल आणि बाकीची गावे सुटकेचा श्वास टाकतील. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस होते. वरून निरोप आला की वर्गशिक्षकांनी पालकांकडून 'नागरिकांचा अभिप्राय' भरून घ्यावा. काय भरावा, हे कोणी सांगितले नाही. पण सगळ्यांना कळले होते. मी आठवीच्या वर्गात प्रश्न वाचून दाखवले आणि वडिलांच्या मोबाईलवर उत्तरे कशी भरायची ते समजावले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, हमारी गली में तो गाडी आतीच नहीं. फिर 'हाँ' लिखूँ?"

मी म्हणालो, "बेटा, गाव का नाम खराब करना है क्या?" वर्ग हसला. मुलगा खाली बसला.

खोटे बोलू नका, असे मी मुलांना शेकडो वेळा सांगितले असेल. त्या दिवशी मी स्वतःच त्यांना खोटे लिहायला शिकवले आणि तेही स्वच्छतेच्या नावाने. हा लेख म्हणजे त्या अपराधाची कबुली आहे. पण कबुली देताना तक्रारही करायची आहे. आधी सरकारच्या दारात, नंतर आपल्या.

बी.एड.ला मूल्यमापन नावाचा विषय असतो. चांगल्या चाचणीचे दोन गुण आम्ही तिथे घोकले होते, वैधता आणि विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाते का, ही वैधता. पुन्हा मोजले तर उत्तर तेच येते का, ही विश्वसनीयता. या दोन प्रश्नांनी शहरांच्या स्वच्छतेची परीक्षा तपासून पाहू.

केंद्र सरकारने २०१६ साली ७३ शहरांपासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू केले. पहिल्या वर्षी म्हैसूर पहिले आले. २०१७ पासून २०२३ पर्यंत इंदूरने तो मान सोडला नाही. २०२३ च्या फेरीत तेवढा सुरतेबरोबर वाटून घेतला. २०२० पर्यंत शहरांची संख्या ४२४२ झाली. त्या वर्षी ६००० गुण होते आणि त्यांचे चार सारखे भाग होते : सेवांची प्रगती, प्रमाणपत्रे, प्रत्यक्ष पाहणी आणि नागरिकांचा अभिप्राय. म्हणजे डोळ्यांनी पाहण्याला चौथा हिस्सा, आणि चौथा हिस्सा माझ्यासारख्या मास्तरांनी भरून घेतलेल्या अभिप्रायाला. त्या अभिप्रायातला एक प्रश्न असा होता की, आपले शहर या सर्वेक्षणात भाग घेत आहे हे आपल्याला ठाऊक आहे का? मी उद्या विज्ञानाच्या पेपरात 'तुम्ही परीक्षेला बसला आहात हे तुम्हाला माहीत आहे का?' असा प्रश्न घालून त्याला गुण ठेवले, तर मुख्याध्यापक मला घरी पाठवतील.

आता विश्वसनीयता. ती पाहणी जानेवारीत झाली. कोकणात जानेवारी म्हणजे कोरडी हवा, सुकलेली गटारे आणि झाडून ठेवलेले रस्ते. ज्यांना गाव पाहायचे आहे त्यांनी जुलैत यावे. गटाराचे पाणी उंबऱ्यापर्यंत चढते आणि प्लास्टिकच्या पिशव्या भरतीबरोबर खाडीतून परत येतात, तेव्हा गुण द्यावेत. वर्षभर नापास होणारा मुलगाही परीक्षेच्या दिवशी भांग पाडून येतो.

किनाऱ्याच्या गावांवर आणखी एक अन्याय होतो. परीक्षेत शहरांचे गट लोकसंख्येप्रमाणे पाडतात. २०११ च्या जनगणनेत मुरूडची वस्ती बारा हजारांच्या आसपास आणि श्रीवर्धनची पंधरा हजारांच्या आसपास होती. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांच्या रांगा लागल्या की या गावांत किती माणसे असतात? पाहुणा बाटली टाकून सोमवारी कामावर जातो. ती उचलायची जबाबदारी राहते बारा हजारांच्या करावर चालणाऱ्या नगरपालिकेची. काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर ही तर ग्रामपंचायतींची गावे. शहरांच्या यादीत त्यांना जागाच नाही. शहराने आपला कचरा हद्दीबाहेर नेऊन टाकला की शहर स्वच्छ होते आणि शेजारच्या गावाचा उकिरडा कोणाच्याच गुणपत्रिकेत दिसत नाही. मुंबईच्या देवनारच्या डोंगरावर १९२७ पासून कचरा पडतो आहे. मुंबईच्या चकचकीत भागांचा हिशेब त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी भरला आहे. ते रहिवासी बहुतांश कोण आहेत, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

२०२५ साली श्रीवर्धन आणि नागाव या आपल्या जिल्ह्यातल्या किनाऱ्यांची नावे आंतरराष्ट्रीय 'ब्लू फ्लॅग' मानांकनात आली. मला आनंद झाला. उगाच नाक मुरडणार नाही. पण तो झेंडा समुद्रस्नानाच्या किनाऱ्याला मिळतो. किनाऱ्यामागच्या पाखाडीला नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचा क्रमांक खाली आला म्हणून अंगण वाकडे. तसे नाही. या परीक्षेने काही केलेच नाही, असे म्हणणे बेईमानी ठरेल. घंटागाडी हा शब्द लहान गावांच्या तोंडी रुळायला या स्पर्धेची मोठी मदत झाली. पैसा असला तरच शहर स्वच्छ होते, हेही खरे नाही. २०२० मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत आपले कराड पहिले आले, २०२१ मध्ये विटा, २०२२ मध्ये पाचगणी, २०२३ मध्ये सासवड. यातले एकही श्रीमंत महानगर नाही. जे कराडला जमले ते आम्हाला का जमू नये, हा प्रश्न मी टाळणार नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. वर्गाची सरासरी साठ टक्के आली, म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येते असे होत नाही. सरासरी हुशार मुलांच्या जिवावर चढते आणि कच्चे मूल तिच्या आड लपते. शहराचा क्रमांक ही अशीच सरासरी आहे. बाजारपेठ, चौपाटी, कचेरीसमोरचा रस्ता यांनी गुण मिळवायचे आणि कोळीवाडा, बौद्धवाडी, आदिवासी वाडी, मोहल्ल्याची मागची गल्ली यांनी त्या गुणांखाली गाडले जायचे. त्या मुलाच्या गल्लीत गाडी येत नव्हती. त्याने 'हाँ' लिहिले, तेव्हा ती गाडी कागदावर आली. आता ती खरोखर यावी म्हणून कोण भांडणार? नागरिकांनी स्वतःच लिहून दिले आहे की ती येते! खोट्या क्रमांकाने गावाचे नाव मोठे होते की नाही मला माहीत नाही, पण गरिबाचा तक्रारीचा हक्क मात्र बुडतो.

इथपर्यंत वाचून आपल्यातले अनेक जण मान डोलावतील. म्हणतील, बघा, मोहल्ल्याला नेहमीच सापत्न वागणूक. ते खरेही आहे. मोहल्ल्यात झाडूवाला दोन दिवसांआड येतो, बाजारात दिवसातून दोनदा. पण आता दुसऱ्या दारात जाऊ.

उर्दूत 'सफाई' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक स्वच्छता. दुसरा, आरोपीने आपल्या बचावात दिलेले निवेदन. कोर्टात सफाईचा वकील असतो. मला वाटते, आपण सफाई करण्यापेक्षा सफाई देण्यात तरबेज झालो आहोत. नगरपालिका कागदपत्रे आणि फोटो जोडून सफाई देते. आपण अन्यायाचे दाखले देऊन सफाई देतो. गटार दोघांच्या मधून वाहत राहते.

पाकी हा ईमानाचा अर्धा भाग, ही हदीस आमच्या शाळेच्या भिंतीवर सुंदर नस्तालिकमध्ये लिहिलेली आहे. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो. नखे, दात, कपडे यांचे नियम लहान मूलही सांगेल. घराची फरशी तर दिवसातून दोनदा पुसली जाते. मग ते पुसलेले पाणी आणि केराची पिशवी उंबऱ्याबाहेर का जाते? आपली पाकी उंबऱ्याशी का संपते? रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणे हीही ईमानाची एक शाखा सांगितली आहे. ती हदीस आपण भिंतीवर का लिहीत नाही? तहारतचे मसाइल सांगताना पाण्याच्या थेंबाचा हिशेब होतो. गल्लीच्या गटाराचा हिशेब जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकला?

कुवेत-दुबईच्या पैशाने गावोगाव दुमजली घरे झाली. चांगले झाले. आत टाईल्स, कमोड, गीझर. पण कित्येक घरांच्या सेप्टिक टँकचा पाईप रात्रीच्या अंधारात ओढ्याला जोडलेला आहे, हे गवंड्याला माहीत आहे, शेजाऱ्याला माहीत आहे आणि ओढा ज्या खाडीला मिळतो तिथे कालवे काढायला उतरणाऱ्या बायांनाही माहीत आहे. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या कुठे असतात? बकरी ईदला काही जमाती खड्डे खणून, चुना टाकून चोख व्यवस्था करतात. त्यांना माझा सलाम. पण जिथे ती होत नाही तिथे दोन दिवसांनी गल्लीत जो वास सुटतो, तो कोणत्या पक्षाच्या सरकारने पाठवलेला असतो?

आणि सफाई करणारा माणूस? आपल्याकडे झाडूवाल्याला 'हलालखोर' म्हणत. शब्दाचा अर्थ हलालची भाकर खाणारा. नाव एवढे सुंदर ठेवले आणि दावतीत दस्तरखानावर जागा शेवटची दिली. मदीनेच्या मशिदीत झाडलोट करणाऱ्या एका स्त्रीचा प्रसंग हदीसमध्ये आहे. ती वारली. तिचे मरण लोकांना किरकोळ वाटले आणि पैगंबरांना न कळवताच दफन झाले. ती दिसली नाही, तेव्हा त्यांनी चौकशी केली, लोकांना बोल लावला आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली. आपल्या मशिदीचा वुजूखाना धुणाऱ्या माणसाचे पूरे नाव किती नमाजींना ठाऊक आहे?

याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी आयुष्यभर दिवसा गावे झाडली आणि रात्री त्याच गावांत कीर्तन केले. २००० साली त्यांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढले, त्यातून अनेक गावे खरोखर हलली. पण ते नाव ज्यांचे, त्यांनी कुठल्या गावाला क्रमांक दिला नव्हता. खराटा दिला होता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. सुपाऱ्या, नारळ, आंबे आडवे झाले, पत्रे उडाले, आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा गाडीची वाट कोणी पाहिली नाही. मोहल्ल्याची पोरे आणि कोळीवाड्याची पोरे एकाच करवतीने रस्त्यावरची झाडे कापत होती. ते पाच-सहा दिवस मागच्या गल्लीचीही पाळी बाजारपेठेबरोबर आली. मग २० ऑगस्टला सर्वेक्षणाचा निकाल लागला. त्यात आमच्या गावाचा क्रमांक होता. तो जानेवारीचा होता.

तर माझे म्हणणे साधे आहे. क्रमांक द्यायचेच असतील, तर गावाला त्याच्या सर्वांत घाणेरड्या गल्लीचे गुण द्या. प्रभागवार निकाल नगरपालिकेच्या दारावर लावा. पाहणी पावसाळ्यात, न सांगता करा. सफाई कामगाराला हातमोजे, गमबूट आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो का, याला गुण ठेवा. पर्यटनाच्या गावाची लोकसंख्या रविवारी मोजा. २०२४ च्या फेरीत ही परीक्षा १२,५०० गुणांची झाली. त्यात एवढ्याला जागा काढणे अवघड नाही.

आणि आपण? सरकार हे करील तेव्हा करील. जमातीच्या सालाना जलशात जमाखर्च वाचतात, तसा मोहल्ल्याच्या गटारांचा, शोषखड्ड्यांचा आणि ओढ्याला जोडलेल्या पाईपांचाही हिशेब वाचावा. पाईप सदरसाहेबांच्या घराचा असला तरी वाचावा.

तो मुलगा आता विशीच्या घरात आहे. वाटेत भेटला की आदराने सलाम करतो. त्याला बहुधा तो प्रसंग आठवत नसेल, मला आठवतो. तेव्हा त्याला द्यायचे उत्तर एवढेच होते : "जो है, वही लिखो बेटा." आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या गल्लीपर्यंत चालत जायचे होते. पुढच्या सर्वेक्षणाचा निरोप येईल, तेव्हा आठवीच्या नव्या वर्गात मी हेच सांगणार आहे. गावाचे नाव खराब होईल, असे कोणाला वाटले तर त्याने मला भेटावे. आपण दोघे मिळून त्या गल्लीत जाऊ.