भरदार म्हणायला लाज कसली?

'फुल-बॉडीड' रेड वाइनला 'पूर्ण शरीराची' म्हणणारे भाषांतर आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना मान्य नाही. गुरनानी कुटुंबाने नाशिकजवळ उभारलेल्या यॉर्क वाइनरीची 'अ‍ॅरॉस' घ्या. शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची ही वाइन. तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात. सालीबियांतून रंग उतरतो, तसा तुरटपणाही. तिला 'भरदार' म्हणावे, 'तुरट' म्हणावे. हे शब्द आपलेच आहेत. आमच्या हिंगोलीच्या बाजारात हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून रंग पाहतो, वास घेतो आणि मराठीतच भाव बोलतो. मग द्राक्षापुढेच आपण मुके का?

'एकच प्याला' (१९१९) पासून आपण प्याल्याविषयी नीतीची भाषा घडवली, चवीची घडवली नाही. गडकऱ्यांचा इशारा आजही खरा आहे. परंतु निषेधालाही नेमके वर्णन लागते. २०२२ मध्ये सुपरमार्केटांतील वाइनविक्रीच्या निर्णयावर वाद पेटला, तोही 'वाइन म्हणजे दारू काय?' याच प्रश्नाभोवती घुटमळला. दरम्यान २०२१ मध्ये यॉर्क 'सुला'कडे गेली होती. एका घराने जोपासलेली चव मराठी समीक्षेने कधी वाचलीच नाही. ज्या चवीला आपण नाव देत नाही, तिचा भाव दुसरेच ठरवतात.