रिकामी खुर्ची आणि चांद्याचा मतदार

चंद्रपूर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी एकदाची पार पडली. तिच्या आधीची निवडणूक एप्रिल २०१७ मध्ये झाली होती व त्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२२ च्या अखेरीस सरली होती. मधल्या साडेतीन वर्षांहून अधिक काळात शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ह्याच अवधीत चंद्रपूरची लोकसभेतील जागाही सुमारे एक वर्ष रिकामी होती. म्हणजे वर्षभर ह्या शहराच्या वतीने बोलणारा निवडून दिलेला माणूस ना दिल्लीत होता, ना नगरसभागृहात. निकालाच्या गुलालात ही गोष्ट विसरली जाऊ नये म्हणून आम्ही ती आज वाचकांपुढे मांडीत आहो. कोण जिंकला व कोण हरला हा आमचा विषय नव्हे. मत देण्याची संधीच वेळेवर न मिळणे हा मतदाराचा पराभव आहे, आणि तो कोणत्याही पक्षाच्या पराभवाहून मोठा आहे, एवढेच आमचे म्हणणे.

हा हक्क चांद्यास सहज मिळालेला नाही. येथे नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली खरी. परंतु स्वराज्यापूर्वी मतदार कोण, हे घर, जमीन, कर व शिक्षण ह्यांच्या मापाने ठरत असे. हमाल, विणकर, मोलकरीण ह्यांस त्या मापात जागा नव्हती. पूर्वेकडील अरण्यप्रदेशाची स्थिती तर ह्याहून विपरीत. १९३५ च्या कायद्याखाली अहेरीची व गडचिरोलीकडील अनेक जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत घातल्या गेल्या. पुढे राज्यघटनेने प्रत्येक प्रौढास एक मत दिले. ज्या घटनाकारांनी हे केले त्या बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या सोहळ्यानंतर लगोलग, ऑक्टोबर १९५६ मध्ये, ह्याच चांद्यात हजारोंस धम्मदीक्षा दिली. ज्या गावाने माणुसकीच्या समतेचा तो सोहळा पाहिला, त्याने मताच्या समतेविषयी उदासीन राहणे शोभत नाही.

मिळालेला हक्क चांद्याच्या मतदाराने कसा वापरला? आमच्या मते, मोठ्या स्वतंत्र बाण्याने. १९५२ साली काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली निवडून आले. पण दहा वर्षांनी, सर्वत्र काँग्रेसची चलती असताना, ह्या मतदारसंघाने लाल श्याम शाह हे आदिवासी पुढारी अपक्ष म्हणून लोकसभेत धाडले. १९६७ साली पुन्हा अपक्षच, के. एम. कौशिक. १९७७ साली अहेरीचे राजे विश्वेश्वरराव विरोधी पक्षाच्या चिन्हावर विजयी झाले. १९८० पासून चार वेळा शांताराम पोटदुखे ह्यांस कौल मिळाला. १९९६ साली तो हंसराज अहीर ह्यांच्याकडे गेला, १९९८ साली नरेश पुगलिया ह्यांच्याकडे वळला व २००४ साली पुन्हा अहीरांकडे आला. २०१९ साली महाराष्ट्रात काँग्रेसला लोकसभेची एकच जागा मिळाली, ती चंद्रपूरची. बाळू धानोरकर ह्यांनी केंद्रातील मंत्री असलेल्या अहीरांचा पराभव केला. २०२४ साली प्रतिभा धानोरकर ह्यांनी राज्याचे मंत्री सुधीर मुनगंटीवार ह्यांस २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले.

शहराच्या विधानसभा मतदारसंघाचीही रीत हीच. १९९५ पासून तीन वेळा मुनगंटीवार निवडून आले. पुनर्रचनेनंतर २००९ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली व नाना शामकुळे दोनदा विजयी झाले. २०१९ साली किशोर जोरगेवार अपक्ष उभे राहिले आणि सत्तर हजारांहून अधिक मतांनी जिंकले. २०२४ साली भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर त्यांनी ती जागा राखली. औष्णिक वीजकेंद्राची राख ज्यांच्या अंगणात पडते त्यांस दोनशे युनिट वीज मोफत मिळावी, ही त्यांची २०१९ ची मागणी होती. तिच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकेल; पण मतदाराने आपल्या दारच्या प्रश्नावर मत दिले, हे कोणासही नाकारता येणार नाही.

असा विवेकी मतदार ज्या ठिकाणी आहे तेथे खुर्ची रिकामी ठेवण्यास कारण काय? १९६४ साली आदिवासींच्या गाऱ्हाण्यांकडे सरकार लक्ष देत नाही म्हणून लाल श्याम शाह ह्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्याच वर्षी पोटनिवडणूक होऊन गोपिकाबाई कन्नमवार निवडून आल्या. ३० मे २०२३ रोजी बाळू धानोरकर ह्यांचे निधन झाले, तेव्हा मात्र पोटनिवडणूक झालीच नाही. लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो की, रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल, अथवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोग अडचण प्रमाणित करील, तरच सूट. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे उरलेली मुदत वर्षाहून सतरा दिवसांनी अधिकच भरत होती. पुण्याची जागाही त्याच काळी रिकामी होती. तेथील नागरिकाने दाद मागितल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पोटनिवडणूक ताबडतोब घेण्याचा हुकूम दिला. पण जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि दोन्ही शहरे सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत प्रतिनिधीवाचून राहिली.

महानगरपालिकेची कथा ह्याहून लांब. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटना स्पष्ट सांगते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना ह्यांचे वाद न्यायालयात होते हे खरे. परंतु वादाचा निकाल लागेपर्यंत लोकांनी निवडलेले सभागृहच नसावे, हा न्याय कोठला? अखेर सर्वोच्च न्यायालयास मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असे बजावावे लागले आणि तरीही जानेवारी २०२६ उजाडले. मध्यंतरी जुलै २०२२ मध्ये इरईच्या पुराचे पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. त्या वस्त्यांतील लोकांनी जाब विचारावा असा नगरसेवक कायद्याने उरला नव्हता. मालमत्ता कराची बिले मात्र एकही वर्ष चुकली नाहीत.

आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, “प्रशासक बरा, नगरसेवकांची भांडणे नाहीत, टक्केवारी नाही.” नगरसेवकांत दोष असतात हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाईट नगरसेवकास पाच वर्षांनी घरी बसविता येते. प्रशासक चांगला असो वा वाईट, त्याचा हिशेब घेणारा मतदार नाही. दुकानातील मुनीम प्रामाणिक आहे म्हणून धन्याने वहीवर नजर टाकणे सोडले तर व्यापार किती दिवस टिकेल? शिवाय सभागृह नसण्याची झळ सर्वांत अधिक स्त्रियांस लागते. लोकसभेत ह्या मतदारसंघातून ज्या दोन स्त्रिया गेल्या, त्या दोघीही पतींच्या निधनानंतर तेथे पोहोचल्या. प्रभागातील सामान्य घरच्या बाईस स्वतःच्या बळावर पुढे येण्याची वाट महानगरपालिकेतूनच जाते, कारण तेथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ६६ जागांच्या सभागृहाचे दार बंद राहिले, तेव्हा ३३ स्त्रियांचे दार बंद राहिले.

आता दोन शब्द आमच्या शहरवासीयांस. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदान झाले, चंद्रपुरात ६७.५५ टक्के. अहेरी-आरमोरीकडे मतदानाची वेळ सुरक्षेसाठी दुपारी तीनलाच संपते, कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागतात, आणि बहिष्काराच्या धमक्या तेथील लोकांनी वर्षानुवर्षे सोसल्या आहेत. तरी ते रानवाटा तुडवून मत देतात. आणि जटपुरा वेशीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा आमचा सुशिक्षित गृहस्थ सुट्टीचा दिवस म्हणून पाय पसरतो! विधानसभेच्या मतदानातही चंद्रपूर शहर जिल्ह्यातील ग्रामीण मतदारसंघांच्या मागे राहत आले आहे. जो आपला हक्क एक दिवस वापरीत नाही, त्याचा हक्क चार वर्षे काढून घेतला तरी सरकारास भीती कसली?

म्हणून आमची सूचना साधी आहे. निवडणूक लांबविण्यास सबब उरू नये म्हणून प्रभागरचना व आरक्षण ह्यांचे काम मुदत संपण्याच्या वर्षभर आधी पुरे करण्याचे बंधन कायद्याने सरकारावर व राज्य निवडणूक आयोगावर घालावे. पोटनिवडणूक टाळावयाची झाल्यास तिची कारणे आयोगाने लेखी प्रसिद्ध करावी. आणि व्यापारी मंडळ, वकील, शिक्षक व महिला मंडळे ह्यांनी आजपासूनच नव्या सभागृहाच्या मुदतीचा दिवस वहीत टिपून ठेवावा. तो ओलांडला जाण्याचा रंग दिसताच न्यायालयाचे दार ठोठवावे, चार वर्षांनी नव्हे. कर भरण्याचा दिवस सरकार आम्हांस विसरू देत नाही. मत घेण्याचा दिवस आम्ही सरकारास विसरू देता कामा नये.